एकच कारागीर, दोन स्टील फ्रेम, पाइप वेगळे: ९ महिन्यांनंतर

मागच्या दिवाळीत मी आणि माझ्या दोस्तानं एकाच कारागिराकडून सायकलच्या हातानं बनवलेल्या दोन स्टील फ्रेम घेतल्या. माप जवळपास सारखं, कोन सारखे, फोर्क (पुढचं चाक धरणारा चिमटा) पण सारखेच, फरक फक्त मेन पाइपांचा, आणि असा चान्स परत मिळायचा नाही म्हणून सविस्तर लिहितोय.

माझी रेनॉल्ड्स या पाइप बनवणाऱ्या इंग्लिश कंपनीच्या ७२५ पाइपची. वरच्या दांड्याचा व्यास २५.४ मिमी, खालच्याचा २८.६, पाइपची जाडी ०.८-०.५-०.८, म्हणजे जोड येतो त्या दोन्ही टोकांना ०.८ आणि मधे ०.५, याला डबल बटेड म्हणतात (रेनॉल्ड्सनं याचं पेटंट १८९७ लाच घेतलेलं). दोस्ताची ५२५ ची, दांडे २८.६ आणि ३१.८, जाडी ०.९-०.६-०.९. माझं वजन ६१ किलो, त्याचं ९२.

आता सगळे म्हणतात ७२५ भारी म्हणजे ती जास्त कडक असणार. तसं नसतंय ओ. दोन्ही क्रोमोलीच (क्रोमियम-मॉलिब्डेनम मिसळलेलं स्टील), ७२५ ला हीट ट्रीटमेंट केलेली असते म्हणून तिची ताकद जास्त, पण लवचिकतेचं, म्हणजे जोर दिल्यावर किती वाकणार याचं म्हणाल तर कुठलंही स्टील घ्या, जवळपास सारखंच, त्याचं माप २०० गिगापास्कलच्या आसपास. ताकद जास्त असली की पाइप पातळ काढता येतो एवढाच फायदा, आणि पातळ केला की तो जास्त वाकतो. खरा खेळ व्यासाचा आहे, जाडी तीच ठेवून व्यास वाढवला तर कडकपणा साधारण व्यासाच्या घनात वाढतो. आमच्या दोघांच्या खालच्या दांड्याचा मधला भाग धरला तर त्याचा माझ्यापेक्षा दीडपटीहून जास्त कडक येतो, आणि नाव बघाल तर भारी माझं!

तुळजापूर घाटात हे लगेच कळतं. माझ्या फ्रेमवर उभं राहून पॅडल मारलं की बीबी (पॅडलचा आस बसतो तो फ्रेमचा खालचा भाग) जरा बाजूला जाऊन परत येते, पायाला एक लय सापडते, ताल धरल्यासारखी, आणि मला चढ त्यावरच बरा वाटतो. जपानच्या पारंपरिक केरिनला, म्हणजे ट्रॅकवरच्या सायकल शर्यतीला, बारीक स्टील पाइपच्याच फ्रेम चालतात हे वाचलेलं तेव्हा आश्चर्य वाटलेलं, आता नाही वाटत. दोस्तानं माझी चालवली तर १० मिनिटांत खाली उतरला, "काय बे, वाकतीय का काय ही?" त्याच्या ९२ किलोला मागचं चाक आणि पुढचं चाक वेगवेगळ्या दिशेला चालल्यासारखं वाटत होतं. मी त्याची घेतली तर दगडावर बसल्यासारखी, चुकीचं काही नाही, पण पायाला उत्तरच देत नाही.

पण खड्ड्यांचं? इथं माझा स्वतःचा गैरसमज निघाला. होटगी रोडला आणि विजापूर रोडला आम्ही चाकं अदलाबदल करून बघितली, तेच २८ मिमी रुंदीचे टायर, तीच ७० पीएसआय हवा, आणि धक्के दोन्हीवर सारखेच बसले, डोळे झाकून सांगता आलं नसतं. फ्रेमचा मागचा त्रिकोण छपराच्या कैचीसारखा असतो, तो वरून खाली दबतच नाही. मग ३२ चे टायर टाकून हवा ५० वर आणली तर दोन्ही सायकली लई मऊ झाल्या, एवढा फरक कुठल्याच पाइपनं दिला नसता. स्टील म्हणजे गादी असं ऐकून कुणी पैसे घालत असेल तर आधी टायर बदलून बघा. फोर्कची पाती बारीक आणि पुढं वाकलेली असतील तर हाताला थोडं जाणवतं, ते मात्र खरं.

तक्रार एकच आहे, पण मोठी. पंढरपूरला निघालो, मागच्या कॅरियरवर १५ किलोच्या बॅगा, आणि उतारावर एक हात सोडला तर अख्खी सायकल सापासारखी हलायला लागली. गुडघे वरच्या दांड्याला दाबून धरल्यावर थांबली. बॅगांतलं निम्मं वजन पुढं नेल्यावर कमी झालं, गेलं नाही. वरचा दांडा २५.४ चा आणि पातळ, त्याला मागच्या वजनाचं पिळणं सोसत नाही. दोस्ताची त्याच बॅगा घेऊन सरळ जाते. ऑर्डर देताना कारागिरानं माझं वजन विचारलेलं, सामान किती नेणार ते विचारलं नाही, आणि मी पण सांगितलं नाही.

बाकी ब्रेझिंगचं (धातू वितळवून पाइप जोडायचं) काम दोन्हीवर अगदी स्वच्छ आहे, एकाही जोडाला ओबडधोबडपणा नाही. माझी फ्रेम १.९ किलो भरली, त्याची २.२, या ३०० ग्रॅमचं घाटात काहीच वाटत नाही. पेंट चेनस्टेजवळ (मागच्या चाकाकडे जाणारे खालचे पाइप) दोन महिन्यांत उडाला, तिथं लगेच टचअप करून घ्या, एवढ्या पातळ पाइपवर गंज चढू देणं परवडत नाही. आतून तेल फिरवून घेतलेलं आहे.

ही फ्रेम मी विकणार नाही, रोजच्या सकाळच्या राइडला हीच. सामानासाठी दुसरी करणार आहे, खालचा दांडा माझ्याच मापाचा २८.६, फक्त वरचा पण २८.६.