वर्डप्रेस अपडेट: थेट चालू साइटवर की आधी स्टेजिंगवर?

वर्डप्रेस या वेबसाइट बनवायच्या सॉफ्टवेअरचं ६.६.१ वरून ६.६.२ सारखं छोटं अपडेट थेट चालू साइटवर होऊ द्यावं. त्यात बहुतेक सुरक्षेच्या आणि चुकांच्या दुरुस्त्या असतात. २०१३ च्या ३.७ आवृत्तीपासून वर्डप्रेस त्या आपोआप बसवतं. इथे उशीर करणंच जास्त धोक्याचं.

मोठ्या आवृत्तीचं तसं नाही. २०२० मध्ये ५.५ ने जेक्वेरी मायग्रेट ही जुना जावास्क्रिप्ट कोड चालू ठेवणारी जोडफाइल बंद केली आणि जुन्या थीम-प्लगइनवर (साइटचं रूप आणि जादा सोयी देणाऱ्या भागांवर) चालणाऱ्या कितीतरी साइट्सचे मेनू, स्लायडर अडकले. स्टेजिंगवर, म्हणजे साइटच्या हुबेहूब प्रतीवर, हे आधीच दिसतं. तिथे फॉर्म भरून पाहा, टेस्ट मोडमध्ये पेमेंट करा, एरर लॉग (चुकांची नोंद) वाचा. वेळ जातो, पण गिऱ्हाइकाला बंद पान दिसत नाही.

एक मात्र नक्की सांभाळा: स्टेजिंगचा डेटाबेस चालू साइटवर चढवू नका, मधल्या काळातल्या ऑर्डर्स पुसल्या जातील. चाचणी झाली की तेच अपडेट चालू साइटवर पुन्हा करा, फाइल्स आणि डेटाबेस दोन्हींचा ताजा बॅकअप घेऊन.

चार पानांची माहितीवजा साइट असेल तर बॅकअप घेऊन थेट अपडेट पुरे. ऑनलाइन दुकानासाठी मी स्टेजिंगशिवाय दुसरं काही सुचवणार नाही.