गोष्टीचे गेम: पावसाळ्यापासून संक्रांतीपर्यंत खेळल्यावर

गोष्टीसाठी गेम घ्यायचा तर ती गोष्ट आपल्या हातून घडायला हवी. नुसती बघायची असेल तर सिनेमा आहेच की. गेल्या जूनपासून रात्रीची जेवणं उरकल्यावर तासभर खेळत आलो आणि हे मत पक्कं झालं. मी बेळगावच्या उद्यमबागेत सीएनसी मशीनवर, म्हणजे कॉम्प्युटरवर चालणाऱ्या धातू कापायच्या मशीनवर असतो. शिफ्ट बदलत राहते, त्यामुळं सलग वेळ मिळत नाही. सेकंडहँड लॅपटॉप, चार जीबीचं ग्राफिक्स कार्ड आणि एक कंट्रोलर, एवढ्यावर खेळायलोय.

सगळ्यात जास्त आवडला तो 'व्हॉट रिमेन्स ऑफ एडिथ फिंच', २०१७ चा. दोन-तीन तासांत संपतो. एका घराण्यातली माणसं एकेक करून कशी गेली, ते त्यांच्या खोल्यांमधून फिरताना कळत जातं. त्यातला ल्युइस माशांच्या कारखान्यात कामाला असतो. कंट्रोलरवरच्या उजव्या काडीनं मासा ओढायचा, पात्याखाली धरून मुंडकं उडवायचं, पट्ट्यावर टाकायचा. त्याच वेळी डाव्या काडीनं त्याला त्याच्या मनातल्या राज्यात चालवायचं. आधी ते राज्य स्क्रीनच्या कोपऱ्यात असतं, मग वाढत वाढत कारखानाच झाकून टाकतं. उजवा हात मात्र कापतच असतो.

माझ्या मशीनवरही असंच. जॉब (कापायचा तुकडा) लावायचा, क्लॅम्प आवळायचा, दार ओढून सायकल स्टार्ट, मग गेज लावून बघायचं. आठ तास हात हे करतात आणि डोकं गावभर हिंडत असतं. हे मला कुणाला नीट सांगता आलं नसतं. त्या गेमनं ते दोन काड्यांत बसवलंय. शेजारच्या मशीनवरच्या पोराला जेवणाच्या सुट्टीत सांगितलं, तर आता तोही खेळायलाय. २०१८ मध्ये याला सर्वोत्तम गेमचा बाफ्टा हा ब्रिटिश पुरस्कार मिळाला, तो योग्यच. ल्युइसचं पुढं काय होतं ते इथं लिहीत नाही. खेळणार असाल तर कंट्रोलर जोडूनच खेळा.

'रेड डेड रिडेम्प्शन २' सगळे डोक्यावर घेतात. गोष्ट खरंच मोठी आहे. १८९९ सालची अमेरिका, मोडकळीला आलेली दरोडेखोरांची टोळी आणि ज्याला बापासारखं मानलं त्या डच नावाच्या म्होरक्यावरचा आर्थर मॉर्गनचा, म्हणजे आपण खेळतो त्या पात्राचा, विश्वास हळूहळू उडत जाणं. तळावर नुसतं फिरलं तरी माणसं आपापसांत बोलत असतात, कुणी भांडतं, कुणी गातं, आणि आर्थर डायरीत चित्रं काढतो. तिथं मी कितीतरी संध्याकाळी काहीही न करता घालवल्या. पण मिशन सुरू झालं की सगळं आवळून धरलेलं. सांगितलेल्या वाटेवरून जरा बाजूला गेलात की मिशन फेल. मिशनच्या मध्ये सेव्हही करता येत नाही. ज्याला पहाटे उठून पहिली शिफ्ट गाठायचीय किंवा ज्याच्याकडं पावसात वीज जाते, त्याला हे जाचतं. शिवाय १५० जीबी जागा लागते. माझ्यासाठी हा पहिल्या नंबरचा गेम नाही, आणि त्याचं कारण गोष्ट नव्हे, तर गोष्टीवर माझा हात न चालणं हे आहे.

'व्हेंबा' (२०२३) आमच्या घरात सगळ्यांनी बघितला. १९८८ मध्ये कॅनडात राहणारं तमिळ जोडपं, पुढं त्यांचा मुलगा, आणि आईकडून आलेली पाककृतींची फाटकी वही. पुसलेल्या ओळी आपण अंदाजानं भरायच्या आणि गेममध्येच तो पदार्थ रांधायचा. इडलीच्या ताटल्या रचताना मी अडलो, तर माझी आई चुलीकडनंच म्हणाली, ''अरे, भोकं एकावर एक येऊ देऊ नकोस, फिरवून लाव की. वाफ कशी जाईल?'' ते बरोबर निघालं! मग ती येऊन शेजारीच बसली. मुलगा मोठा होतो आणि आई तमिळमध्ये बोलली तरी इंग्रजीत उत्तर देतो, तिथं ताई एकदम गप्प झाली. तिची लेकरं इंग्रजी शाळेत जातात, बाहेर कन्नड बोलतात, आणि आज्जीशी मराठीत बोलताना मध्येच थांबतात. दीड-दोन तासांचा गेम, स्वयंपाकही सोपा; पण बेळगावातल्या कुठल्याही घरानं तो एकदा खेळावा असं मला मनापासून वाटतं.

'फायरवॉच' (२०१६) चांगला आहे. अमेरिकेतल्या वायोमिंगच्या जंगलात वणव्यावर नजर ठेवणारा एकटा पहारेकरी, आणि वॉकी-टॉकीवर त्याची वरिष्ठ डिलाइला. तिला उत्तर न देणं हेही उत्तरच धरलं जातं, ही मला फार आवडलेली गोष्ट. शेवट फिका आहे असं बरेच जण म्हणतात. मला तो खरा वाटला. 'डिस्को एलिझियम' अर्ध्यात ठेवलाय. मारामारी नाही, सगळं संभाषणावर, लिखाण जबरदस्त. पण ते इंग्रजी दमलेल्या डोक्याला झेपत नाही, म्हणून फक्त रविवारी.

'राजी' हा गेम पुण्याच्या नॉडिंग हेड्स या कंपनीनं २०२० मध्ये काढला. महाल, भिंतीवरची चित्रं बघत राहावीत अशी. पण गोष्ट दुर्गा आणि विष्णू वरून सांगत राहतात आणि माझ्या हातांना फक्त उड्या आणि लढाई उरते. तरी आपल्याकडं हे होऊ शकतं एवढं त्यानं दाखवलं. निपाणीच्या तंबाखूच्या वखारीत काम करणाऱ्या बाईची गोष्ट कुणी अशी हातात दिली, तर मी सेलची वाट न बघता पहिल्या दिवशी पूर्ण किमतीला घेईन.