बारा वर्षांचा डेस्कटॉप: काय बदललं, काय तसंच ठेवलं (आठ महिन्यांच्या वापरानंतर)

खानापुरात माझं डीटीपीचं दुकान आहे. लग्नपत्रिका, वास्तुशांतीची कार्डं, शाळांचे पेपर, अर्ज. एका बाजूला मराठी, मागच्या बाजूला कन्नड हे इथलं रोजचं काम, त्यामुळे मराठी टायपिंगची श्री-लिपी आणि कन्नड टायपिंगची नुडी ही दोन्ही सॉफ्टवेअरं दिवसभर चालू. मशीन २०१३च्या दिवाळीत घेतलेलं: इंटेलचा चौथ्या पिढीचा आय-५ ४५७० प्रोसेसर, एच८१ मदरबोर्ड, ४ जीबी रॅम, ५०० जीबी हार्डडिस्क. गेल्या वैशाखात त्यानं अगदी रडवलं. सकाळी बटण दाबायचं, झाडलोट करायची, देवापुढे दिवा लावायचा, तरी डिझाइनचं कोरल सॉफ्टवेअर उघडलेलं नसायचं.

पुतण्या बेळगावात इंजिनिअरिंगला आहे. तो म्हणाला, "काका, भंगारात घाला की ते, नवीन घ्या." नव्याचं कोटेशन आलं ४८ हजारांचं. लग्नसराई संपल्यावर मी चार दिवस टास्क मॅनेजर (मशीनचा कुठला भाग किती राबतोय ते दाखवणारी विंडोजची खिडकी) उघडा ठेवूनच काम केलं, आणि सगळ्यात मोठा फायदा त्याचाच झाला. प्रोसेसर क्वचितच ४० टक्क्यांवर जायचा. मेमरी, म्हणजे रॅम, मात्र गच्च भरलेली आणि डिस्क सतत १०० टक्के. डिस्क १०० टक्के दिसली म्हणून सगळा दोष तिचाच, असं नसतं. रॅम संपली की विंडोज हार्डडिस्कचीच जागा रॅमसारखी वापरतं, मग डिस्क दुहेरी राबते.

म्हणून आधी रॅम. इथे मी एकदा फसलो. या बोर्डाला डीडीआर३ जातीची रॅम लागते, ऑनलाइन ८ जीबीची फार स्वस्त दिसली, मागवली. लावली तर स्क्रीन काळी, नुसते बीप. आधी वाटलं पावसाळी दमटपणानं टोकं काळवंडली असतील, म्हणून सोनेरी पट्टी खोडरबरनं घासली, स्लॉट ब्रशनं साफ केला. काही नाही. मग वर्णनातली बारीक ओळ वाचली: फक्त एएमडी (इंटेलसारखीच दुसरी प्रोसेसर कंपनी) बोर्डसाठी. तसल्या रॅमवरच्या चिपांची रचना वेगळी असते, माझ्यासारखा इंटेलचा बोर्ड तिला ओळखत नाही. ती परत केली आणि बेळगावातून साधी ८ जीबी आणली, १,४०० रुपये. जुनी ४ दुसऱ्या स्लॉटमध्ये तशीच ठेवली. एकूण १२. आठ महिन्यांत वापर ८च्या वर गेलेला मी पाहिला नाही, म्हणून १६चा हट्ट मला पटत नाही.

रॅमनं कामातलं अडखळणं गेलं, पण मशीन चालू व्हायला चार मिनिटं लागायचीच. मग ५०० जीबीची साटा एसएसडी (हार्डडिस्कच्याच वायरीवर चालणारी, चिपांवर साठवणारी वेगवान डिस्क) घातली, ३,२०० रुपये. एसएसडी थेट बोर्डात बसवायचा एम.२चा स्लॉट या बोर्डावर नाहीच. आता पाव मिनिटात डेस्कटॉप येतो. डीटीपीवाल्यांसाठी खास सांगतो: माझ्याकडे हजाराच्या वर फाँट आहेत. जुन्या डिस्कचं हेड त्या बारीक बारीक फाइलींसाठी इकडून तिकडे पळत राहायचं. एसएसडीत फिरणारं काही नाही, म्हणून फाँटची यादी लगेच उघडते. जुनी डिस्क बॅकअपला ठेवलीय.

पण माझ्या मते खरा बदल एसएमपीएसचा (मशीनला वीज पुरवणाऱ्या आतल्या डब्याचा), आणि त्याबद्दल कोणी बोलत नाही. आमच्याकडे पावसाळ्यात लाईट दिवसातून कितीदा झपकते याला गणती नाही. यूपीएस असून मशीन रीस्टार्ट व्हायचं. मी यूपीएसची बॅटरी बदलली, १,१०० रुपये घातले, फरक शून्य. यूपीएसला बॅटरीवर यायला काही मिलिसेकंद लागतात, तेवढा वेळ एसएमपीएसमधल्या कपॅसिटरनं (थोडी वीज साठवणाऱ्या भागानं) करंट धरून ठेवायचा असतो. माझा एसएमपीएस उघडला तर दोन कपॅसिटरांची डोकी फुगून वर आलेली, एकाच्या बुडाशी तपकिरी चिकट डाग. (तो उघडताना प्लग काढूनही हात घालू नका, आत विजेचा दाब शिल्लक असतो, मी जाणत्या माणसाकडून उघडून घेतला.) चांगल्या कंपनीचा ४५० वॅटचा नवा २,४०० रुपयांना आला. आषाढ-श्रावणात मशीन बंद पडून एकदाही अर्धवट पत्रिका पुसली गेली नाही. नवी एसएसडी घालण्याआधी हे करायला हवं होतं, असं आता वाटतं.

प्रोसेसरचा पंखा साफ करून त्याखालची उष्णता वाहून नेणारी पेस्ट नवी लावली. जुनी खडूसारखी वाळलेली. बोर्डावरचा सीआर२०३२ सेल ४० रुपयांत बदलला. तारीख मागे जायची आणि त्यामुळे सरकारी साइट उघडत नसत. ग्राफिक कार्ड घेतलं नाही, पत्रिकेला ते लागत नाही. जुना आय-७, म्हणजे याहून वेगवान प्रोसेसर, तोही घेतला नाही.

एक गोष्ट मात्र पैशानं सुटत नाही. विंडोज ११ला आठव्या पिढीपासूनचा इंटेल प्रोसेसर आणि टीपीएम २.० (सुरक्षेची चिप) लागतं, हे मशीन त्यात बसत नाही. विंडोज १०ला मायक्रोसॉफ्टचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ला संपला. मी नोंदणी करून वाढीव सुरक्षा अपडेट घेतोय, ते १३ ऑक्टोबर २०२६पर्यंत मिळतील. त्यानंतर याची नेटची वायर काढणार. कंपोजिंग याच्यावर, आणि मेल, बिलं, ऑनलाइन अर्ज यांसाठी एक छोटा वापरलेला पीसी बघतोय. आठव्या पिढीचा असेल तरच घेईन, हे पुतण्याला आधीच सांगून ठेवलंय.