वर्किंग लेन्थचा एक्स-रे: बायसेक्टिंग की पॅरलल?

आरसीटीत (रूट कॅनाल उपचारात) मुळातल्या नळीत, म्हणजे कॅनालमध्ये, फाइल (धातूची बारीक सळई) टाकून एक्स-रे काढतात आणि वर्किंग लेन्थ, म्हणजे कॅनाल किती खोलवर साफ करायचा ती लांबी, ठरवतात. त्या एक्स-रेत दात बऱ्याचदा लांबट किंवा आखूड येतो. यावर दोन वाटा आहेत: बायसेक्टिंगने (दात आणि सेन्सर यांच्यातल्या कोनाच्या दुभाजकाला काटकोनात किरण सोडून) काढून हिशोबाने दुरुस्त करायचा, नाहीतर एन्डो होल्डर (फाइल दातात असताना सेन्सर धरणारं साधन) लावून पॅरलल (सेन्सर दाताला समांतर ठेवून) काढायचा.

हिशोबाची वाट वाईट नाही. फाइलची खरी लांबी गुणिले एक्स-रेतला दात, भागिले एक्स-रेतली फाइल. स्टॉपरपर्यंत (फाइलवरच्या रबरी चकतीपर्यंत) 20 मिमी असलेली फाइल पडद्यावर 22 आणि दात 23.1 दिसला, तर दात 21 मिमीचा. त्यातून 0.5 ते 1 मिमी वजा केले की वर्किंग लेन्थ. दोन्ही मापं एकाच कस्पपासून (दाताच्या माथ्यावरच्या उंचवट्यापासून) घ्यावीत आणि फाइल निदान 15 नंबरची असावी; 8 किंवा 10 नंबरचं टोक आरव्हीजीवर (डिजिटल एक्स-रेवर) नीट दिसत नाही. फाइल एपेक्सच्या (मुळाच्या टोकाच्या) 3 मिमीहून मागे असेल, तर पुढे नेऊन पुन्हा एक्स-रे काढलेला बरा. सूत्र अख्ख्या मुळात लांबट-आखूडपणा सारखाच धरतं, आणि तो तसा नसतो.

वरच्या दाढांत हे ठळक दिसतं. सेन्सर टाळूला तिरका टेकतो, आणि एक्स-रे ट्यूबचा एकच कल तिन्ही मुळांना जुळत नाही: बकल (गालाकडची) मुळं आखूड येतात, पॅलेटल (टाळूकडचं) लांब. एका फाइलवर सॉफ्टवेअरचं माप बसवून (कॅलिब्रेट करून) दुसरा कॅनाल मोजला की चूक होते. प्रत्येक कॅनालला त्याच्याच फाइलचं माप धरलं, तर निभावतं.

मला मात्र खटकतो तो पुढचा एक्स-रे. मास्टर कोन (कॅनाल भरायची मुख्य कांडी) 1 मिमी मागे दिसला, तर तो खरंच मागे आहे की ट्यूबचा कल बदलला? हाताने धरलेल्या सेन्सरवर हे कळत नाही. होल्डरच्या रिंगला ट्यूब टेकवली की कल बहुतांशी तोच राहतो, आणि दोन एक्स-रे शेजारी ठेवून वाचता येतात. माझं मत इथेच झुकतं.

साधा बाइट ब्लॉक (दातांत चावून धरायचा ठोकळा) क्लॅम्पला (दातावर रबरी पडदा धरणाऱ्या चिमट्याला) आणि फाइलच्या मुठीला अडतो. मुठी सामावणारी पोकळ वाटी असलेलाच होल्डर घ्यावा. वरच्या दाढेसाठी सेन्सर दातापासून दूर, टाळूच्या उंच भागात ठेवावा. अंतराने प्रतिमा थोडी मोठी होते, म्हणून लांब ट्यूब (लाँग कोन) हवी. होल्डर आणि विरुद्ध दातांमध्ये कॉटन रोल दिला की तो हलत नाही. कॅनाल एकावर एक आले, तर उभा कल तोच ठेवून ट्यूब आडवी सुमारे 20 अंश सरकवावी.

खालच्या दाढांत सेन्सर बहुधा समांतरच बसतो, तिथे फरक थोडा. टाळू फारच सपाट असेल आणि सेन्सर दाताशी 20 अंशांहून जास्त तिरका राहत असेल, तर हट्ट नको: बायसेक्टिंग, कॅनालगणिक हिशोब आणि एपेक्स लोकेटरचा (विजेने मुळाचं टोक शोधणाऱ्या यंत्राचा) पडताळा.