दोन ३०६० की एकच ४०७०? इंदूरच्या उन्हाळ्यासकट सात महिन्यांचा वापर

जोडणी अशी: रायझन ५ ५६००, बी५५० मदरबोर्ड, ३२ जीबी रॅम आणि १२ जीबी मेमरीची एनव्हिडियाची दोन आरटीएक्स ३०६० ग्राफिक्स कार्डं, त्यातलं दुसरं जुनं घेतलेलं. काम तीन तऱ्हेचं: ब्लेंडर या थ्रीडी सॉफ्टवेअरमध्ये घरांच्या आतल्या सजावटीचे रेंडर (थ्रीडी सीनवरून बनवलेली चित्रं), स्वतःच्या मशीनवर भाषा-मॉडेल (मजकूर लिहिणारं एआय), आणि गेम. तिन्हींचा निकाल वेगवेगळा लागला.

गेमचं लवकर आटोपतं, कारण तिथे दुसरं कार्ड नुसतं बसून असतं. ३०६० ला एसएलआयचा, म्हणजे दोन कार्डांनी मिळून एकच गेम चालवायच्या सोयीचा, जोडच नाही. जुन्या कार्डांसाठीही एनव्हिडियानं १ जानेवारी २०२१ पासून नवे एसएलआय प्रोफाइल देणं थांबवलं. ती पद्धत चालू होती तेव्हाही एक फ्रेम या कार्डावर, पुढची त्या कार्डावर अशी पाळी असे. आकडा मोठा दिसे, पण फ्रेममधलं अंतर कमीजास्त झाल्यानं चित्र अडखळे. गेमसाठी कुणी दुसरं कार्ड घ्यायचं म्हणत असेल तर त्याला अडवा.

ब्लेंडरमध्ये मात्र पैसे वसूल होतात. प्रेफरन्सेसमधल्या सिस्टीममध्ये ऑप्टिक्स (एनव्हिडिया कार्डांवर रेंडर करायचा पर्याय) निवडून दोन्ही कार्डांवर खूण करायची, बस. जड फ्रेमचा वेळ जवळपास निम्म्यावर येतो. पण १२ आणि १२ मिळून २४ होत नाहीत! सगळा सीन दोन्ही कार्डांत वेगवेगळा भरला जातो. १४ जीबीचा सीन एका ३०६० वर बसत नसेल, तर दोनांवरही बसत नाही. मेमरी संपल्याचा संदेश येतो किंवा रेंडर रॅमकडे वळून रखडतो. अशा वेळी टेक्स्चर, म्हणजे वस्तूंच्या पृष्ठभागावरची चित्रं, ४के वरून २के वर आणणं हाच उपाय.

ॲनिमेशनला दोन्ही कार्डं एकाच फ्रेमवर लावू नका. प्रत्येक फ्रेमआधी सीन तयार करण्याचं काम प्रोसेसर करतो, आणि हलक्या फ्रेममध्ये तेवढा वेळ दोन्ही कार्डं रिकामी राहतात. त्यापेक्षा ब्लेंडर दोनदा उघडा आणि एकेकाला एकेक कार्ड द्या. आउटपुटमध्ये ओव्हरराइट बंद आणि प्लेसहोल्डर्स चालू ठेवलं की एकानं घेतलेली फ्रेम दुसरा घेत नाही. सीन रॅममध्येही दोनदा भरतो, त्यामुळे इथे ३२ जीबी अपुरी पडली आणि ६४ करावी लागली.

भाषा-मॉडेलचं गणित नेमकं उलटं. तिथे मॉडेलचे थर दोन कार्डांत वाटता येतात, म्हणजे मेमरीची बेरीज होते पण वेगाची होत नाही. ३२ अब्ज पॅरामीटरचं ४-बिट मॉडेल साधारण २० जीबीचं असतं. ते २४ मध्ये मावतं, फक्त संदर्भाची लांबी (मॉडेल एका वेळी ध्यानात ठेवतं तो मजकूर) आवरती ठेवावी लागते, कारण ज्या कार्डाला मॉनिटर जोडलाय त्याची थोडी मेमरी विंडोज खातं. आता वेग बघा. प्रत्येक टोकनसाठी (शब्द किंवा त्याचा तुकडा) सगळे २० जीबी एकदा वाचावे लागतात आणि ३०६० सेकंदाला ३६० जीबी वाचतं. म्हणजे सेकंदाला कमाल १८ टोकन, प्रत्यक्षात त्याहून कमी. ३०९० चा हाच आकडा ९३६ आहे, त्यामुळे २४ जीबीचं एक जुनं ३०९० हेच काम कितीतरी वेगानं करतं. अर्थात ते एकटं ३५० वॉट ओढतं.

खरा खर्च कार्डाच्या बाहेर आहे. चार आण्याची कोंबडी, बारा आण्याचा मसाला. बी५५० च्या बहुतेक बोर्डांवर खालचा लांब स्लॉट चिपसेटमार्फत पीसीआय एक्सप्रेसच्या तिसऱ्या पिढीच्या चारच लेनवर (डेटाच्या वाटांवर) चालतो. रेंडरला त्यानं फारसं बिघडत नाही, सीन भरायला थोडा जास्त वेळ लागतो इतकंच. काही बोर्डांवर दुसरी एम.२ ड्राइव्ह (बोर्डावरच बसणारी एसएसडी) लावली की हाच स्लॉट बंद पडतो. खरेदीआधी मॅन्युअलमधलं ते पान वाचा. एसएमपीएस (कॉम्प्युटरचा वीजपुरवठा) ८५० वॉटचा घेतला. प्रत्येक कार्डाला स्वतंत्र केबल हवी. एकाच केबलची दोन तोंडं दोन कार्डांना दिली, तर दोन्हींचा भार त्या एका केबलवर येतो आणि एसएमपीएसकडचा प्लग तापतो. ६०० व्हीएचा यूपीएस साधारण ३६० वॉट देतो आणि नुसती दोन कार्डंच ३४० मागतात. पूर्ण लोडवर वीज गेली की यूपीएस लगेच मान टाकतो.

आणि मे महिना. बाहेर ४२ अंश असताना वरचं कार्ड खालच्याची गरम हवाच ओढत राहतं. दोघांत दहा-बारा अंशांचा फरक सहज पडतो. पॉवर लिमिट १७० वरून १३० वॉटवर आणली तर वेग थोडाच घटतो, पण पंख्यांचा आरडाओरडा थांबतो. अडीच स्लॉट जाडीचं कार्ड वर लावू नका, खाली लावा. खोलीतल्या पाण्याच्या कूलरचा झोत थेट कॅबिनेटवर नको: ओलाव्यानं धूळ हीटसिंकच्या पात्यांना चिकटून बसते आणि ब्लोअरनंही निघत नाही.

एकटं आरटीएक्स ४०७० हे २०० वॉटमध्ये ब्लेंडरच्या सायकल्स या रेंडर इंजिनात या जोडीला गाठतं, बहुतेक सीनमध्ये पुढेही जातं, आणि गेममध्ये त्याचा पूर्ण वेग मिळतो. रोज सहा तास, महिन्याला २५ दिवस धरले तर १४० वॉटच्या फरकाचे २१ युनिट होतात. पण त्याची मेमरीही १२ जीबीच! सीन ११ जीबीच्या वर जात असतील तर ४०७० मध्ये पैसे घालू नका, १६ जीबीचं ४०७० टीआय सुपर बघा. आधीचं ३०६० विकून ४०७० घेणं, हाच रेंडर आणि गेम दोन्ही करणाऱ्याचा मार्ग. दुसरं ३०६० फक्त दोघांनी घ्यावं: ज्यांच्याकडे मोठा एसएमपीएस आधीच आहे त्यांनी, किंवा ज्यांना २० जीबीचं मॉडेल कमी पैशात चालवायचंय त्यांनी.

इंदूरच्या सिल्व्हर मॉलमध्ये किंवा ओळखीतून जुनं कार्ड घेताना दुकानातच अर्धा तास पूर्ण लोड द्या. जीपीयू-झेड या तपासणी सॉफ्टवेअरमध्ये हॉटस्पॉट (चिपवरचा सर्वांत गरम भाग) आणि सरासरी तापमानातला फरक २० अंशांच्या पुढे गेला तर चिप आणि हीटसिंकमधली थर्मल पेस्ट वाळलेली समजा. पंखा बोटानं हळूच फिरवा, खरखर लागली तर भाव पाडा. मूळ बिलावरचा सीरियल नंबर कार्डावरच्याशी ताडून पाहत नाही तोवर वॉरंटीचं बोलणं कानाआड करा.