परक्या देशातला पावसाळा आणि माझा डीह्युमिडिफायर

उष्ण देशात राहायला आले तेव्हा पाऊस म्हणजे गारवा, असं मी धरून चालले होते. दुसऱ्याच आठवड्यात कपाटातल्या चामडी पट्ट्यावर पांढरी लव धरली आणि दोन दिवस वाळत घातलेला टॉवेल कुबट वासासकट ओलाच. त्या वैतागात डीह्युमिडिफायर, म्हणजे हवेतला दमटपणा ओढून त्याचं पाणी टाकीत जमवणारं यंत्र, घेतला.

खोक्यावर ‘दिवसाला १२ लिटर’ लिहिलंय. त्यावर फार जाऊ नका. हा आकडा बऱ्याचदा ३० अंश तापमान आणि ८० टक्के आर्द्रतेला मोजलेला असतो. हवा सुकत गेली की पाणीही कमी जमतं, त्यात यंत्राचा दोष नाही. पहिल्या रात्री मात्र २ लिटरची टाकी पहाटेआधीच भरली, यंत्र पीं पीं करत बंद पडलं आणि अंधारात टाकी ओतायला नेताना निम्मं पाणी माझ्याच चपलांवर सांडलं. मागे नळी जोडायची सोय होती म्हणे, ती मला पंधरवड्यानं दिसली!

खरी तक्रार उष्णतेची. एसी गरम हवा बाहेर फेकतो, हा ती खोलीतच सोडतो. म्हणून मी तो कामावर जाताना दारं-खिडक्या लावून चालू ठेवते. आवाज जुन्या फ्रिजइतका. झोप सावध असेल तर त्रास होईल. जाळी दर पंधरा दिवसांनी धुवावी लागते.

टॉवेल आता रात्रीत वाळतो. पट्टा पुसून परत टांगलाय, अजून तरी लव नाही.