पॉपिन्स बोल्ड: मराठी हेडलाईनसाठी कसा आहे?

मराठी हेडलाईनला जाड, गोलाईदार आणि एकदम मॉडर्न फॉन्ट हवा असेल तर मी आधी पॉपिन्स लावून बघायला सांगते, आणि तेही इंग्रजीसाठी नाही, देवनागरीसाठी. इंग्रजीत असे कंपासने काढल्यासारखे फॉन्ट १९२७ च्या फ्युचुरापासून ढिगाने आहेत, आपल्याकडे मात्र या पद्धतीचं आणि एवढ्या वेट्समधलं, म्हणजे इतक्या वेगवेगळ्या जाडीचं, काही नव्हतंच. इंडियन टाईप फाउंड्री या फॉन्ट बनवणाऱ्या कंपनीने ते केलं, देवनागरी निनाद काळेंची आणि इंग्रजी जॉनी पिनहॉर्न यांची. थिनपासून ब्लॅकपर्यंत ९ वेट्स, प्रत्येकाचं इटॅलिक, म्हणजे १८ स्टाईल्स, सगळं फुकट आणि कमर्शियल कामालाही चालतं.

बोल्डमध्ये मोठ्या साईझला नुसतं 'ठळक' टाईप करा आणि झूम करून बघा. रेघ सगळीकडे सारख्याच जाडीची वाटते, पण जिथे गोलाई दांड्याला मिळते तिथे ती हळूच बारीक केलीय, नाहीतर तो कोपरा काळा डाग झाला असता. हे काम सोपं नाही हो, कारण आपल्या अक्षराला वर शिरोरेषा, मध्ये गाठी, त्यात जोडाक्षरं, आणि जाडी वाढली की पहिली मरते ती अक्षराच्या पोटातली मोकळी जागा. म्हणूनच ब्लॅक, म्हणजे सगळ्यात जाड वेट, फक्त दोन-तीन शब्दांच्या मोठ्या हेडलाईनलाच वापरा, छोट्या साईझला 'क्ष' आणि 'द्ध' गच्च होतात, तिथे सेमीबोल्डच बरा.

मला सगळ्यात आवडतं ते मराठी-इंग्रजी शेजारी ठेवल्यावर. इंग्रजी कॅपिटल्स देवनागरीपेक्षा मुद्दाम बुटकी ठेवलीत आणि स्मॉल अक्षरं चांगली उंच, त्यामुळे मिक्स हेडलाईनमध्ये इंग्रजी शब्द अंगावर येत नाही, दोन्ही लिप्या एकाच घरातल्या वाटतात.

आता लाईन स्पेसिंग. डीफॉल्ट बऱ्यापैकी सैल आहे, साईझच्या साधारण दीडपट, म्हणून दोन ओळींची हेडलाईन सुटी सुटी दिसते आणि ती घट्ट करायचा मोह होतोच. इंग्रजीत बिनधास्त करा, पण मराठीत वरच्या ओळीचा उकार आणि खालच्या ओळीतली रफार-वेलांटी एकमेकांत घुसतात, तेव्हा 'वर्षी', 'पूर्ण' असे शब्द घालूनच किती घट्ट करायचं ते ठरवा. आणि प्लीज, देवनागरीला लेटर स्पेसिंग, म्हणजे अक्षरांमध्ये जादा अंतर, देऊ नका, शिरोरेषा तुटते, मग फॉन्ट कितीही चांगला असो, शब्द फुटका दिसतो.

ब्रँडिंगचं म्हणाल तर हा फॉन्ट जिथे तिथे दिसतो, त्यामुळे नाव नुसतं टाईप केलं आणि झाला लोगो, असं चालणार नाही. लायसन्समध्ये बदल करायची मुभा आहे, ती वापरा, नावातलं एखादं अक्षर, शक्यतो गोलाईवालं, स्वतः नीट घडवून घ्या आणि बाकीची आहेत तशी ठेवा.